पाच वर्षांची वाट

कुत्रा मान खाजवतो यात थांबून पाहण्यासारखं काही नसतं. पण कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल जातीचा एखादा कुत्रा चालता चालता थबकतो, मागचा पाय उचलतो आणि खांद्याच्या दिशेने भराभर हलवू लागतो, तेव्हा त्याच्या नखांकडे नीट पाहावं. पाय हवेतच चालतो, नखं कातडीला लागत नाहीत. गळ्यात पट्टा बांधला की हे वाढतं. उचलून घेतलं की काही कुत्री किंचाळतात. रात्री डोकं उशीवर किंवा सोफ्याच्या हातावर उंच ठेवूनच झोपतात. घरच्यांना वाटतं पिसवा झाल्या असतील, कान बिघडला असेल. पावडर होते, शॅम्पू बदलून होतो, कानात थेंब घालून होतात.

दुखणं कातडीपासून फार आत असतं. या जातीत कवटीचा मागचा भाग मेंदूच्या मानाने आखूड राहिला आहे. जागा पुरत नाही म्हणून लहान मेंदूचं टोक कवटीच्या तळाशी असलेल्या छिद्रातून खाली उतरतं आणि मेंदू व मज्जारज्जूभोवती खेळणाऱ्या द्रवाची वाट अडवतं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर हा द्रव पुढे-मागे होत असतो. वाट अडली की कालांतराने मज्जारज्जूच्या आतच पाण्याच्या पोकळ्या तयार होतात. वैद्यकात या विकाराला सिरिंगोमायलिया म्हणतात. पोकळी नेमकी जिथे होते तिथूनच वेदनेचे आणि स्पर्शाचे संदेश मेंदूकडे जात असतात, त्यामुळे काहीही झालेलं नसताना मानेत आग होते, मुंग्या येतात. कुत्रा बिचारा पाय हलवतो.

२०११ मध्ये ब्रिटनमध्ये ५५५ कॅव्हेलियरांच्या एमआरआय तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मालकांच्या मते या सगळ्या कुत्र्यांना काहीच होत नव्हतं. तरी वर्षभराच्या कुत्र्यांपैकी २५ टक्के आणि सहा वर्षं किंवा त्याहून मोठ्या कुत्र्यांपैकी ७० टक्के जणांच्या मज्जारज्जूत पोकळ्या सापडल्या. पोकळी असलेला प्रत्येक कुत्रा वेदनेत असतो असं नाही. बरेच जण आयुष्यभर काही दाखवत नाहीत. पण ज्या जातीत सहाव्या वर्षी दहातल्या सातांना हा दोष असतो, तिथे निरोगी जोडी निवडायची तरी कुठून?

ऑक्टोबर २०२३ मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाला उत्तर दिलं. तिथल्या प्राणिरक्षण संघटनेने देशाच्या केनेल क्लबवर, जातीच्या क्लबांवर आणि काही ब्रीडरांवर दावा लावला होता. नॉर्वेच्या प्राणिकल्याण कायद्याचं २५ वं कलम सांगतं की पैदास अशी व्हावी की जनावर धडधाकट आणि निरोगी निपजेल. जानेवारी २०२२ मध्ये ओस्लोच्या खालच्या न्यायालयाने इंग्लिश बुलडॉग आणि कॅव्हेलियर या दोन्ही जातींची पैदास बेकायदा ठरवली. वरच्या न्यायालयात बुलडॉग सुटला. कॅव्हेलियर मात्र शेवटपर्यंत सुटला नाही. कुत्रा पाळायला बंदी नाही; ज्यांच्या घरी आहेत त्यांच्या घरी ते सुखाने राहतील. कॅव्हेलियरचा कॅव्हेलियरशीच संकर करून पिल्लं काढणं मात्र कायद्यात बसत नाही. दुसऱ्या जातीचं रक्त आणून, शास्त्राच्या आधारे ती सुधारायची वाट न्यायालयाने मोकळी ठेवली.

हा निकाल वाचून मला वाईट वाटलं आणि तो योग्य आहे असंही वाटलं. कॅव्हेलियरइतका मायाळू कुत्रा क्वचित सापडतो. मोठे पाणीदार डोळे, रेशमी कान, वजन जेमतेम सहा ते आठ किलो, अंगावर कोणीही आलं तरी शेपटी हलवणार. या प्राण्याची अशी दशा कशी झाली, हे समजून घ्यायचं तर काही शतकं मागे जावं लागतं.

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्या दरबारात छोटे स्पॅनियल असत. जातीला नाव त्याचंच. जुन्या चित्रांत हे कुत्रे दिसतात ते लांब नाकाचे, चपट्या डोक्याचे. राणी व्हिक्टोरियाचा लाडका डॅशही अशाच छोट्या स्पॅनियलांपैकी. पुढे तिच्याच काळात चपट्या तोंडाची फॅशन आली. पगसारख्या आखूड नाकाच्या जातींचं रक्त मिसळत गेलं आणि लांब नाकाचा जुना स्पॅनियल दिसेनासा झाला. १९२६ मध्ये रॉझवेल एल्ड्रिज नावाच्या अमेरिकन गृहस्थाने लंडनच्या क्रफ्ट्स श्वानप्रदर्शनात जाहीर केलं की चार्ल्सच्या काळच्या चित्रांत दिसतो तसा, लांब नाकाचा स्पॅनियल आणून दाखवणाऱ्याला २५ पौंड बक्षीस देईन. ब्रीडरांनी आपल्या वेतांतली नापसंत, नाक जरा जास्त लांब निघालेली पिल्लं शोधायला सुरुवात केली. १९२८ मध्ये क्लब निघाला. 'अ‍ॅन्स सन' नावाचा एक नर नमुना म्हणून समोर ठेवला आणि त्याच्यावरून जातीचं वर्णन लिहिलं गेलं. एल्ड्रिज त्याच वर्षी वारले. केनेल क्लबची वेगळी मान्यता मिळाली ती १९४५ मध्ये.

मधे दुसरं महायुद्ध होऊन गेलं. माणसांनाच रेशन पुरत नव्हतं, तिथे कुत्र्यांचे मोठे कळप कोण पोसणार? युद्ध संपलं तेव्हा पैदाशीसाठी फार थोडी जनावरं उरली होती. आज जगभर जे लाखो कॅव्हेलियर आहेत ते त्या मूठभर कुत्र्यांचे वंशज. मुळातच अरुंद असलेला हा झरा पुढे आणखी अरुंद होत गेला, कारण प्रदर्शनात जिंकलेल्या नराकडेच सगळे आपल्या माद्या नेऊ लागले. १९७३ मध्ये अलान्समिअर अ‍ॅक्वेरियस हा कॅव्हेलियर क्रफ्ट्सचा सर्वश्रेष्ठ कुत्रा ठरला आणि जातीला प्रचंड मागणी आली.

मज्जारज्जूचा आजार डोळ्यांना दिसतो म्हणून त्याची चर्चा जास्त होते. या जातीला मारणारा मुख्य आजार हृदयाचा आहे. हृदयाच्या डाव्या बाजूला, वरचा आणि खालचा कप्पा यांच्यामध्ये मायट्रल झडप असते. ती रक्त एकाच दिशेने जाऊ देते. कॅव्हेलियरमध्ये या झडपेच्या पाळ्या तरुणपणीच जाड आणि गाठाळ होऊ लागतात, नीट मिटत नाहीत आणि प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त मागे गळतं. डॉक्टर कुत्र्याला टेबलावर उभं करतात, डाव्या कोपराच्या मागे बरगड्यांवर स्टेथोस्कोप टेकवतात आणि मालकाला बोलणं थांबवायला सांगतात. निरोगी हृदयात दोन स्पष्ट आवाज येतात आणि मध्ये शांतता असते. झडप गळत असेल तर त्या शांततेच्या जागी फुसकारा ऐकू येतो. त्याला मर्मर म्हणतात आणि त्याची प्रत एक ते सहा अशी मोजतात. पहिल्या प्रतीचा मर्मर इतका हलका असतो की गजबजलेल्या दवाखान्यात तो निसटूही शकतो.

छोट्या जातींच्या कुत्र्यांना म्हातारपणी हा आजार बऱ्याचदा होतो. दहा-बारा वर्षांच्या पॉमेरेनियनला किंवा डॅशहंडला मर्मर निघाला तर डॉक्टरांना नवल वाटत नाही. कॅव्हेलियरचं वेगळेपण वयात आहे. पाचव्या वर्षापर्यंत निम्म्या कुत्र्यांमध्ये मर्मर आलेला असतो आणि दहाव्या वर्षी जवळजवळ सगळ्यांमध्ये. मग हृदय मोठं होतं, फुप्फुसात पाणी साठतं, खोकला येतो, रात्री धाप लागते. झोपलेल्या कुत्र्याची छाती मिनिटाला तीसपेक्षा जास्त वेळा वरखाली होऊ लागली की घरच्यांनी दवाखाना गाठायचा, असं हृदयविकारतज्ज्ञ सांगतात. औषधं आहेत. हृदय मोठं झालेलं असून अजून त्रास सुरू झालेला नाही अशा कुत्र्यांना पिमोबेंडन दिलं तर हृदय थकण्याचा टप्पा सरासरी सव्वा वर्षाने लांबतो, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं. ज्याने आपला कुत्रा गमावलाय त्याला सव्वा वर्षाची किंमत कळते. झडप मात्र औषधाने बरी होत नाही.

आता ब्रीडरच्या बाजूने पाहा. मादी दीड-दोन वर्षांची झाली की पहिलं वेत होतं. नराने दुसऱ्या वर्षी प्रदर्शनात नाव काढलं की त्याच्याकडे रांग लागते. आणि आजार बोलायला लागतो पाचव्या वर्षी! म्हणजे आईबापांच्या हृदयात काय दडलं आहे हे कळेपर्यंत त्यांची मुलंच काय, नातवंडंही घरोघरी पोहोचलेली असतात. यात कोणाचा दुष्टपणा असावा लागत नाही. प्रामाणिक, कुत्र्यांवर जीव टाकणारा ब्रीडरसुद्धा नुसत्या घाईने हा आजार पुढच्या पिढीला देतो. जबाबदार पैदास म्हणजे स्वच्छ केनेल, चांगलं खाणं आणि लसी असं आपण समजतो. हे सगळं हवंच. पण या जातीपुरतं बोलायचं तर सगळ्यात मोठी जबाबदारी थांबण्याची आहे.

हृदयतज्ज्ञ आणि आनुवंशिकीचे अभ्यासक हे १९९८ पासून सांगत आहेत. त्यांनी सुचवलेला नियम साधा आहे: अडीच वर्षांच्या आत कुत्रा पैदाशीला लावायचा नाही, लावताना त्याचं हृदय स्वच्छ असायला हवं आणि त्याच्या आईबापांची हृदयं पाच वर्षांचे होईपर्यंत स्वच्छ राहिलेली असायला हवीत. आजीआजोबांचा कानोसा घेतल्याशिवाय नातवंडांची तयारी करायची नाही, इतकंच. या आजारामागे एक जनुक नाही, अनेक आहेत. म्हणून रक्ताचा थेंब प्रयोगशाळेत पाठवून होय-नाही उत्तर मिळेल अशी सोय इथे अजून नाही. काळ हीच तपासणी.

हे कागदावर छान दिसतं, प्रत्यक्षात कोण थांबतो, असं कोणी म्हणेल. डेन्मार्कमधले ब्रीडर थांबले. तिथल्या केनेल क्लबने कॅव्हेलियरच्या हृदयाची तपासणी सक्तीची केली, नुसती स्टेथोस्कोपने नाही, सोनोग्राफीनेही. कोवळ्या वयात एकदा आणि चौथ्या वर्षानंतर पुन्हा. तपासणीत न बसणाऱ्याची पिल्लं नोंदवली जात नव्हती. २००२ ते २०११ या काळातल्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की या योजनेतून जन्मलेल्या कुत्र्यांमध्ये झडपेच्या आजाराचा धोका ७३ टक्क्यांनी कमी झाला होता. शेजारच्या स्वीडनमध्ये नुसत्या स्टेथोस्कोपवर चाललेल्या कार्यक्रमातून असा फरक पडला नव्हता. मला या सगळ्या कहाणीतला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जात वाचवायला चमत्कार लागला नाही. डॉक्टरांनी कान लावला, सोनोग्राफी केली, नोंद ठेवली आणि क्लबने नाही म्हणण्याची हिंमत दाखवली.

ब्रिटनमध्ये हे धाडस व्हायला एक माहितीपट लागला. १९ ऑगस्ट २००८ रोजी बीबीसीवर जेमायमा हॅरिसन यांचा 'पेडिग्री डॉग्ज एक्सपोज्ड' दाखवला गेला. सिरिंगोमायलियाचं निदान झालेला एक विजेता कॅव्हेलियर २६ वेतांचा बाप झाला होता, हे त्यात लोकांनी पाहिलं. देश हादरला. २००९ पासून बीबीसीने क्रफ्ट्सचं प्रक्षेपण थांबवलं. केनेल क्लबने बाप-लेक, आई-मुलगा आणि सख्ख्या भावंडांच्या संकरातली पिल्लं नोंदवणं बंद केलं. तोवर ती बिनदिक्कत नोंदवली जात होती! केंब्रिजचे प्राणिवर्तनशास्त्रज्ञ पॅट्रिक बेट्सन यांचा चौकशी अहवाल जानेवारी २०१० मध्ये आला. २०१२ पासून मज्जारज्जूच्या एमआरआय तपासणीची अधिकृत योजना सुरू झाली. पण ती ऐच्छिक राहिली, आणि महाग तपासणी ऐच्छिक असली की किती जण करतात हे सांगायला नको.

माहितीपट आला त्याच सुमारास लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या अभ्यासकांनी ब्रिटिश वंशावळींचा हिशेब मांडला होता. पगचा आकडा वाचून मी पुन्हा वाचला. देशात सुमारे दहा हजार पग, पण आनुवंशिक विविधता जेमतेम पन्नास कुत्र्यांइतकी.

पगचं नाव निघालं म्हणजे आपण आपल्या घरी आलो. कॅव्हेलियर महाराष्ट्रात फार थोड्या घरांत आहे. पग मात्र २००३ च्या हचच्या जाहिरातीने घराघरांत पोहोचला. त्याचं नाव ठाऊक नसलेली माणसंही 'हचचा कुत्रा' मागू लागली. पुढे तोच 'व्होडाफोनचा कुत्रा' झाला. फ्लॅटमध्ये मावतो, फारसा भुंकत नाही, केस आखूड, मुलांशी गोड. आणि घोरतो! तो घोरतो याचं किती कौतुक होतं. माणसासारखा घोरतो म्हणून व्हिडिओ काढतात.

घोरणं हे त्याच्या श्वासाच्या झटापटीचं लक्षण आहे. चेहऱ्याचं हाड आखूड केलं, पण आतलं मांस तेवढ्या प्रमाणात कमी झालं नाही. नाकपुड्या चिरेसारख्या मिटलेल्या, मऊ टाळू लांब होऊन घशात लोंबणारी, श्वासनलिका अरुंद. कुत्र्याला अंग गार करायला घाम पुरत नाही. तो जीभ बाहेर काढून धापतो आणि नाकातोंडातल्या ओलाव्यावरून हवा फिरवून उष्णता बाहेर टाकतो. ज्याच्या नाकात हवेला जागाच नाही त्याने मे महिन्यात नागपुरात काय करायचं? ४५ अंशांत दुपारी चारला पगला फिरायला नेणाऱ्या मालकाचं त्याच्यावर प्रेम नसतं असं नाही. आपल्या कुत्र्याचं शरीर त्याला कोणी समजावून सांगितलेलं नसतं. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजने २०२२ मध्ये पगांची इतर कुत्र्यांशी तुलना केली. पगला श्वासमार्गाच्या या विकाराची शक्यता इतरांच्या सुमारे ५४ पट निघाली आणि कोणता ना कोणता आजार असण्याची शक्यता १.९ पट. नेदरलँड्समध्ये तर २०१९ पासून कवटीच्या एक तृतीयांशापेक्षा आखूड नाक असलेल्या कुत्र्याची पैदास करता येत नाही. तिथे फूटपट्टी लावतात.

आपल्याकडे पगच्या आधीही छोटे कुत्रे होतेच. आमच्या लहानपणी वाड्यात पांढरा झुबकेदार कुत्रा दिसला की तो 'पामेरियन'. त्यातले बहुतेक भारतीय स्पिट्झ होते. या छोट्या जातींमध्ये गुडघ्याची वाटी खोबणीतून सरकण्याचा दोष फार आढळतो. चालता चालता कुत्रा मागचा एक पाय उचलतो, चार पावलं लंगडी घालतो आणि पाय झटकून पुन्हा नीट धावतो. आमच्या घरची मादी असं करायची तेव्हा आम्ही टाळ्या वाजवायचो, नाचते म्हणून. डॉक्टरांनी बोटांनी वाटी सरकवून दाखवली तेव्हा कळलं. चार प्रतींमधल्या पहिल्या प्रतीत वजन आटोक्यात ठेवून निभतं, चौथीत शस्त्रक्रियाच. पिल्लांना हा वारसा मिळतो आणि तो ओळखायला यंत्र लागत नाही, जाणकार हात लागतो. अशा गुडघ्याच्या मादीला पैदाशीला न लावणं हे तर मोफत आहे.

नवं खूळ 'टीकप'चं आहे. पेल्यात बसणारा पॉम, ओंजळीत मावणारा चिवावा. अशी वेगळी जात नसते. वेतातलं सगळ्यात अशक्त पिल्लू दुसऱ्या वेतातल्या अशाच पिल्लाला लावत गेलं की हे घडतं. टाळू भरत नाही, डोक्यात पाणी होतं, एक खाणं चुकलं तर साखर उतरून पिल्लाला झटके येतात, दुधाचे दात पडत नाहीत म्हणून पक्के दात दाटीवाटीने उगवतात. मादी बाळंत होताना अडते आणि पोट उघडावं लागतं. तरी दुकानदार अभिमानाने त्याचे चढे पैसे सांगतो. आणि आपण देतो.

ज्या समाजात खिलार वळू निवडताना त्याच्या आईचे खूर आणि बापाची चाल विचारली जाते, गावाचा वळू त्याच्याच लेकींवर जाऊ नये म्हणून बदलला जातो, त्या समाजातला माणूस कुत्रा घेताना फक्त चेहरा पाहतो. 'पेपर आहेत का?' एवढं विचारतो. केनेल क्लब ऑफ इंडियाचे पेपर वंशावळ सांगतात: आईबापांची, आजीआजोबांची नावं. ती माहिती मोलाची आहे, पण आजोबांच्या छातीत मर्मर होता का, आजीचा गुडघा सरकत होता का, हे त्या नावांमधून कळत नाही. उलट वंशावळीत तेच नाव दोन्हीकडे पुन्हा आलं तर सावध व्हायला हवं, आणि विकणारा तेच कौतुकाने दाखवतो: 'दोन्हीकडून चॅम्पियनचं रक्त आहे, साहेब.'

घरगुती पैदास हा आणखी एक प्रकार. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप येतो की आमच्या ब्रूनोसाठी स्थळ पाहिजे. एक पिल्लू द्यायच्या बोलीवर जमतं. मादीला एकदा तरी पिल्लं व्हावीत, नाहीतर तिची तब्येत बिघडते, असा समज घट्ट बसलेला आहे. त्याला वैद्यकीय आधार नाही. दोन प्रेमळ घरं, दोन न तपासलेली हृदयं, आणि पाच पिल्लं पाच घरांत.

कायदा आहे. २०१७ चे श्वान पैदास व विक्रीचे नियम केंद्र सरकारने काढले आहेत. ब्रीडरने राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, मादी दीड वर्षाच्या आत आणि आठ वर्षांनंतर लावायची नाही, आयुष्यात पाचांहून जास्त वेतं नाहीत, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही. नियम चांगले आहेत आणि ते पाळले गेले तर पिंजऱ्यांत सडणाऱ्या कितीतरी माद्या सुटतील. वारसाहक्काने येणाऱ्या आजारांवर मात्र वयाची अट पुरत नाही. दीड वर्षाच्या कुत्रीचं हृदय पाचव्या वर्षी काय करणार आहे हे तिच्या आईकडूनच कळेल.

म्हणून पिल्लू घ्यायला जाल तेव्हा आई कुठे आहे ते विचारा, आणि ती दाखवत नसतील तर परत फिरा. तिचं श्वास घेणं पाहा, ती चार पावलं कशी चालते ते पाहा. नराचं वय विचारा. सहा-सात वर्षांचा, अजून धडधाकट असलेला बाप दोन वर्षांच्या विजेत्यापेक्षा कधीही चांगला. आजी हयात आहे का, ती कशाने गेली, हे विचारायला लाजू नका. खरा ब्रीडर या प्रश्नांनी सुखावतो आणि उलट तुम्हालाच दहा प्रश्न विचारतो.

आणि एक सूचना श्वानप्रदर्शनं भरवणाऱ्या क्लबांना. पुण्यामुंबईत हिवाळ्यात रिंग आखल्या जातात, मंडप पडतो, परीक्षक येतात. त्या मंडपात एक शांत कोपरा, एक टेबल आणि हृदय ऐकू शकणारा एक पशुवैद्य एवढं बसवायला फार खर्च नाही. ब्रिटनमध्ये जातीचे क्लब अशी हृदयतपासणी शिबिरं वर्षानुवर्षं भरवत आले आहेत. प्रत्येक कुत्र्याच्या मायक्रोचिपच्या क्रमांकासमोर वय, मर्मरची प्रत, गुडघ्याची प्रत लिहायची आणि वही सगळ्यांना उघडी ठेवायची. पहिली पाच वर्षं त्या वहीचा काही उपयोग वाटणार नाही. सहाव्या वर्षी, मादी कोणत्या नराकडे न्यायची हे ठरवताना ब्रीडर ती वही चाळू लागतील.